तुझा हात का वर झाला, मन्मथ

मन्मथ, तुला माती देऊन आलो त्याला आठवडाही झाला नाही आणि मी पुन्हा तुझ्याशी भांडायला बसलोय. बसलोय म्हणजे बसवत नाहीच. सकाळपासून उमरीच्या माझ्या दुकानाचं शटर उघडलं, ओढलं, परत उघडलं. बोअरची एक जळालेली मोटर टेबलावर पडून आहे. तिची तार अर्धी गुंडाळली आणि उठलो. चहा मागवला आणि प्यायचा विसरलो. बायको म्हणाली, "एका जागी बसा की जरा. नुसत्या चकरा मारून राहिले." तिला काय सांगू? ज्या माणसाशी चाळीसएक वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो तो माणूस गेला, आणि तो गेल्यावर मला कळलं की भांडण उलट्या बाजूनं चाललं होतं.

तुझ्या अंगणात त्या दिवशी जमलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती. मार्केट यार्डातले अडते होते, हमाल होते, लातूरचे डाळमिलवाले होते. "मन्मथअप्पांनी मापात कधी खोट केली न्हाई," असं एक म्हातारा सगळ्यांना सांगत होता. मी मान डोलावत होतो, पण त्या अप्पांशी माझा फारसा संबंध नव्हता. माझ्या ओळखीचा तू म्हणजे अहमदपूरच्या आपल्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान, डावा कोपरा, लांब हातांचा, चड्डीला नाडीऐवजी सुतळी बांधणारा. मी तुझ्या शेजारी, तुझ्या उजव्या हाताला. समोरचा चढाईला आला की आपण साखळी धरायचो, तुझा उजवा हात आणि माझा डावा. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. तू बोटं आवळलीस की पुढं, सैल सोडलीस की मागं. तो सगळा हंगाम मी तुझ्या हातावर खेळलो. लग्नानंतर बायकोचाही हात मी इतका धरला नसेल, असं एकदा तुझ्या ओसरीवर बोलून गेलो होतो. त्यावर तिनं, तू आणि वहिनींनी मिळून माझी जी टर उडवली ती अजून संपलेली नाही.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. पाऊस म्हणावा असा झालाच नव्हता. आपलं कॉलेज कालपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ते एका दिवसात लातूरचं झालं. पेढे वाटले, बँड वाजला, पण आपल्या बनियनांवर छापलेलं 'जि. उस्मानाबाद' तसंच राहिलं. नवे बनियन मिळणार नव्हते. मग फिजिकलच्या सरांनी मांजरपाटाचं पांढरं कापड आणलं आणि होस्टेलच्या व्हरांड्यात बसून आपण त्या अक्षरांवर पट्ट्या शिवल्या. वर निळ्या शाईनं 'लातूर' लिहिलं. पहिल्याच सामन्यात घामानं शाई फुटली आणि सगळ्यांच्या छात्या निळ्या झाल्या. मी तेवढा कोरडा, कारण तू मला पट्टी शिवूच दिली नव्हतीस. "ह्यो नांदेडवाला हाय, परजिल्ह्यातला. ह्याला कशाला लागतंय लातूर?" म्हणालास. मी मामाच्या सांगण्यावरून उमरीहून अहमदपूरला शिकायला आलेला पोरगा. तुझ्या त्या चिडवण्यानंच मला तिथं घरच्यासारखं वाटायला लागलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

कबड्डीच्या मैदानाला पाणी लागतं. माती भिजवावी लागते, रोलर फिरवावा लागतो, नाहीतर गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. आणि होस्टेलची विहीर तर आटलेली. टँकर यायचा तेव्हा पोरामागं एक बादली मिळायची. मैदानावर कुणी तांब्याभर जरी पाणी ओतताना दिसलं तर खेळ बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. सगळा संघ तोंड पाडून बसलेला असताना तू म्हणालास, "आंगुळ करायला तर मनाई न्हाई ना? मग तितंच करू की."

आणि आपण तसंच केलं. रोज सकाळी चड्ड्यांवर, आपापली बादली घेऊन, सगळा संघ मैदानात. ज्याची जी जागा, तिथंच त्यानं आंघोळ करायची. तू डाव्या कोपऱ्यात, मी तुझ्या बाजूला. सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहायचे आणि ओरडायचे, "अरे थोडं पुढं सरक, मधलं कोरडं राहून राहिलं." तुझ्या घरच्या आडाला थोडं पाणी होतं, तरी तू तुझी बादली सायकलला अडकवून मैदानावर आणायचास. साबणाला बंदी होती, साबणानं माती निसरडी होते म्हणून. त्यामुळं सगळा हंगाम आपण बिनसाबणाचे. आपल्याला पकडण्यापेक्षा सोडून दिलेलं परवडलं, असं समोरचे संघ म्हणायचे.

आणि तरी तू एकदा साबण लावलासच. संध्याकाळी मुलगी बघायला जायचं होतं ना. बंदी मोडून वासाचा साबण घेऊन आलास आणि कोपऱ्यात पाठ करून घासलंस. त्याच दुपारी सामना होता. पहिल्याच पकडीला स्वतःच्याच जागेवर असा काही आडवा झालास की समोरच्या चढाईवाल्यानं तुला हात देऊन उठवलं. सरांनी तिथली माती उचलून वास घेतला, आणि चंदनाचा वास आला म्हणताच सगळ्या मैदानाला कळलं की मन्मथचं लग्न ठरतंय. कपाळावर लालभडक टेंगूळ घेऊन तू मुलगी बघायला गेलास. सुमित्रावहिनींनी त्या टेंगळाकडे बघूनच होकार दिला, असं तू सांगायचास. त्या म्हणायच्या, मला तर कुंकवाची बोटं वाटली होती.

हे सगळं हसण्यासारखं आहे, मी हसतोही. पण त्या हंगामात आपण नुसते हौसेनं खेळत नव्हतो. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या आंतरकॉलेज स्पर्धेच्या सुरुवातीला कुणी मोठे साहेब आले होते. भाषण करता करता ते बोलून गेले, जे कॉलेज जिंकेल त्याच्या होस्टेलला पहिला बोअर. टाळ्या पडल्या. आपण तिथंच एकमेकांकडे बघितलं. बोअर म्हणजे होस्टेल चालू राहणार. बोअर नाही तर टँकरवर किती दिवस? तुझं गावात घर होतं. आमच्यासारख्या बाहेरगावच्या पोरांना होस्टेल बंद म्हणजे शिक्षण बंद होतं. माझ्या बापानं मला पाठवतानाच सांगितलं होतं, परत आलास तर मग दुकानावर बसायचं. आपण एकेक संघ पाडत गेलो तसं होस्टेलची पोरं बोअर कुठं घ्यायचा त्याच्या जागा दाखवायला लागली.

अंतिम सामना लातूरला, उदगीरच्या संघाशी. तिथल्या मैदानावर पाणी मारलेलं होतं. आपण त्या मऊ मातीवर अनवाणी नुसतेच येरझारा घालत राहिलो. माझी डावी टाच तोवर फुटली होती. आपल्या मैदानानं तिची भेग इतकी खोल केली होती की पाऊल टेकलं की रक्त यायचं. मैदानाच्या कडेला तू माझा पाय मांडीवर घेतलास, भेगेत हळद आणि तेल भरलंस, आणि पट्ट्यांतून उरलेल्या त्या मांजरपाटाची चिंधी गुंडाळलीस. गाठ मारलीस पण सोगा लांब राहिला. मी म्हटलं, तोड तो. "थांब, दातानं तोडतो," म्हणत तू वाकलास आणि शिट्टी झाली. मी सोगा कसाबसा आत खोचला आणि आपण पळालो.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटची चढाई उदगीरच्या इस्माईलची. तो पोरगा सडपातळ, चढाईत हातापेक्षा पायाच्या अंगठ्यानं जास्त खेळायचा. तो आपल्या बाजूला सरकला. तू बोटं आवळलीस, आपण पुढं झालो. त्यानं पाय भिरकावला, तू बोटं सैल केलीस, आपण दोघं वळून मागं पळालो. तो मध्यरेषा ओलांडून परत गेला आणि म्हणाला, लागला. कुणाला, असं पंचांनी विचारलं तेव्हा त्यानं मोघम आपल्या कोपऱ्याकडे हात केला. दोन्ही पंचांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मुख्य पंच नकाराचा हात हलवणारच होते.

तुझा हात तोवर माझ्या हातातच होता. तो तू ओढून सोडवून घेतलास, आणि 'मी बाद' म्हणून तोच वर केलास.

मला अजून तो ओढा जाणवतो. मला त्या हातातून काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हंगामभर तुझ्या बोटांतली हालचाल मी ओळखत आलो, आणि त्या वेळी ना धक्का जाणवला ना शहारा. तुला लागलेलं नव्हतं याची माझ्याएवढी खात्री जगात कुणालाच नव्हती. एका गुणानं आपण हरलो. परतीच्या एसटीत मी तुला म्हणालो, "पाणी हरलास तू." उदगीरच्या होस्टेलला बोअर लागला. आपला टँकर काही दिवसांनी बंद झाला, होस्टेलला कुलूप लागलं, आणि ट्रंक एसटीच्या टपावर टाकून मी उमरीला आलो. पुढच्या वर्षी येतो म्हणालो होतो. बापानं दुकानावर बसवलं ते बसवलंच, आणि आज चाळीस वर्षं मी लोकांच्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करतोय.

तांब्याची तार आणायला मी लातूरला जायचो, तेव्हा दरवेळी अहमदपूरला उतरायचो. वहिनी पाणी द्यायच्या, मी पाणी प्यायचो, आणि आपलं सुरू.

"लागला व्हता रं," तू म्हणायचास.

"कुठं लागला?"

"पायाला."

"कोनत्या पायाला?"

"डाव्या."

"गेल्या खेपंला तर उजवा म्हनला व्हतास."

वकिलासारखा मी तुला पकडायचो आणि तू पोट धरून हसायचास. मग मी चिडायचो. माझं शिक्षण, होस्टेलची पोरं, सगळं काढायचो. तुझं शेवटचं उत्तर ठरलेलं असायचं. "तिकडं बी पोरंच व्हते ना, गंगा. ते काय दगड व्हते का? पानी पिले त्यांनी, झालं." त्यावर मी जेवायला बसायचो.

दिवाळीत तुझं आजारपण कळलं म्हणून आलो. ठरवून आलो होतो की आज तो विषय काढायचा नाही. तू उशीला टेकून बसलेला, हात पार काडीसारखे झालेले. मी तब्येत विचारली, औषधं विचारली, आणि मग काय झालं कोण जाणे, माझ्याच तोंडून निघालं, "आता तरी खरं सांग."

"गंगा, तुझी टाच बरी हाय का?"

"इषय बदलू नको."

तू हसलास आणि डोळे मिटलेस. आपलं तेवढंच शेवटचं बोलणं. मी भांडणात जिंकलो अशा ऐटीत बाहेर पडलो आणि बस धरली.

तू गेलास त्या दिवशी तुला तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला भिंत. डाव्या हातात इष्टलिंग ठेवलं होतं. उजवा हात मांडीवर मोकळा होता आणि तो सारखा घसरत होता. कुणीतरी धरायला पाहिजे म्हणून मी पुढं झालो. तुझ्या उजव्या बाजूला, माझ्या जुन्या जागेवर बसलो आणि डाव्या हातात तुझा हात घेतला. माणसं पाया पडून जात होती. मी वाट बघत होतो की तू बोटं आवळशील. वेडेपणाच, पण मी खरंच वाट बघत होतो. तुला उचललं तेव्हा हात सोडावा लागला. वावरातल्या खड्ड्यात उतरवलं, बेलाची पानं टाकली, माती टाकली, आणि मी सगळ्यांबरोबर परत आलो.

अंगणात पाय धुवायला हौदाशी उभे होतो. माझ्या बाजूला एक पांढऱ्या दाढीचा माणूस पाय धूत होता. त्याची नजर माझ्या टाचेवर.

"तुमी गंगाधर ना? त्याच्या बाजूचे?"

मी बघितलं. इस्माईल. तुझा त्याच्याशी तुरीचा व्यवहार आहे हे मला माहीत होतं, आणि तो तुझ्याकडे असेल त्या दिवशी मी मुद्दाम येत नव्हतो.

"हाव," म्हटलं.

"टाच अजून फुटकीच हाय की." त्यानं तांब्या खाली ठेवला. "एक बात सांगू का? त्या दिवशी माझ्या अंगठ्याला कपडा लागला होता. आदमी न्हाई, कपडा. कबड्डीत कपडा लागला तरी आदमी बाद, म्हणून मी लागला म्हणालो. वळून बघतो तर हात मन्मथचा वर. त्याच्या पायाला कुठं कपडा होता, भाई? तो तर नंगे पाव. चिंधी तुमच्या टाचेला होती. सोगा सुटून मागं लोंबत होता."

माझ्या पायावरून पाणी वाहत होतं. तशातच मी विचारलं.

"तुमी त्याला कधी इचारलं न्हाई?"

"विचारलं ना, बाजारात. म्हणाला, चिंधी म्या बांधली, सोगा म्या ठेवला, मग बाद कोन? म्हणाला, गंगाला सांगू नको, त्याच्या डोक्यात राहील. ते कॉलेज सुटलं त्याचं, वरून हे आनि कशाला." इस्माईलनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "तुमच्या वाट्याचं पाणी पिलो आमी. तो गेला, म्हणून आता सांगून राहिलो."

तेव्हापासून मला बसवत नाही. डावा पाय, उजवा पाय! तुला नीट खोटंही बोलता येत नव्हतं, आणि ते माझ्या तोंडावर इतकी वर्षं चालवलंस. मी तुला काय काय बोललो. वहिनींसमोर बोललो, तुझ्या पोरांसमोर बोललो. एकदा चिडून "टाच बघ तुझी" एवढं जरी म्हणाला असतास! मी पाय वर करून बघितलं असतं, ओशाळलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो आणि तिसऱ्या दिवशी आलो असतो. एवढाही भरवसा नव्हता का तुझा माझ्यावर? राग येतो तो याचा येतो. आणि राग आला की लगेच डोळे भरून येतात, मग मोटारीची तार दिसत नाही.

आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. पंचांना दिसलं नव्हतं. तू गप्प उभा राहिला असतास तर कुणाचाच हात वर झाला नसता. सामना पुढं गेला असता, कदाचित पाणीही आलं असतं. मला त्या वेळी कळलं असतं की चिंधीला लागलंय, तर मी हात वर केला असता का? माझं मन सांगतं, नसता केला. होस्टेलकडे बघून मी गप्प राहिलो असतो. तू माझ्या जागी बाद झालास, पण मला न विचारता झालास. यावर तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. तिकडं बी पोरंच व्हते ना, गंगा. तरी मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

काल राहवेना म्हणून परत बस धरली आणि अहमदपूरला उतरलो. वहिनींना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? त्या म्हणाल्या, "मला काय बी म्हाईत न्हाई, भावजी. पन तुमी भांडून गेले की ते दोन घास जास्ती खायाचे. एकदा म्या म्हनलं, कशाला ऐकून घेता त्यांचं? तर म्हनले, राग हाय तवर येतोय की गं. येऊ दे." एवढं बोलून त्यांनी मला पाणी दिलं. मी ते बसून, सगळं प्यायलो.

मग एकटाच वावरात गेलो. तुझ्यावरची माती अजून ओली होती, वर कुणीतरी बेलाची पानं वाहिली होती. मी बाजूला उभा राहिलो, तुझ्या उजव्या हाताला. तुला म्हटलं, मन्मथ, मला लागला होता. चिंधीला लागला होता. तू आता हात खाली घे. आणि मी माझा डावा हात, तुझ्या हातात असायचा तो, खांद्यापासून सरळ वर केला.

बांधापलीकडून एक माणूस बैल घेऊन चालला होता. तो थांबून म्हणाला, "कुनाला हाक मारून राहिले, काका?"

"कुनाला न्हाई," म्हटलं. "बाद झालो, म्हनून हात वर केलाय."